पोवळ्यांना पाजणारं यंत्र

संगमनेर
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

ति. दादांस,
एलूचा सप्रेम सलाम, वि. वि.

प्रभूच्या कृपेने मी इकडे बरी आहे. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला कसा आहे ते कळवावं. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी अर्धा तास बोलले आणि शेवटी तुम्ही वहिनींना विचारलंत की फोन कुणाचा होता. त्यापेक्षा पत्र बरं. निदान विचारलेल्याचं उत्तर येतं.

काम असं आहे. नोहाची ती काचेची पेटी तुम्ही नाताळात पाहिलीत, हॉलमध्ये बायबलच्या वचनाच्या पाटीखाली ठेवलेली, आणि विचारलंत की आत दगड आहेत की फ्लॉवरचे गड्डे. ती पोवळी, दादा. जिवंत असतात. खाऱ्या पाण्यातला चुना घेऊन आपली हाडं बांधतात, म्हणून रोज तेवढा चुना पाण्यात परत घालावा लागतो. दोन बाटल्या आहेत, एक कॅल्शियमची, एक सोड्याची. सकाळची प्रार्थना झाली की सिरिंजनं एकीतलं वीस मिली आणि अर्ध्या तासानं दुसरीतलं वीस मिली. सोमवारी पाण्याची परीक्षा. इवल्या कुपीत पेटीतलं पाणी घेऊन त्यात निळं औषध थेंब थेंब टाकायचं, पिवळं होईपर्यंत. जितके थेंब तितका आकडा. आठ आला की पोवळी खूश. रविवार सोडून रोज वहीत नोंद करते. सहा महिन्यांत आठाचा नऊ झालेला नाही.

नोहा जहाजावरून डिसेंबरात सुटणार. मागच्या खेपेला पेटी मित्राच्या भरवशावर टाकून गेला होता. परत आला तेव्हा आत पांढरी हाडं. पोरगा दोन दिवस जेवला नाही. या खेपेला किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला की आई, तुझ्या हातून भाजीत कधी मीठ जास्त पडलेलं मला आठवत नाही. एवढं बोलून गेला, आता मी काय करणार.

आणि तिकडे भंडारदऱ्याजवळ शेंडीला आपली आराधना. डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख दिली आहे. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात जे झालं त्यामुळे तिला प्रवास बंद, झोपून राहायला सांगितलं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरानंच उठून भंडारदऱ्याला जायची वेळ आली. जावई केविनला आई नाही. तो शाळा सांभाळून भात करतो, तो खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो म्हणे. मला सप्टेंबर लागताच जायचं आहे, दोन महिने राहायचं आहे.

मग पोवळ्यांना कोण पाजणार? शेजारच्या सुरेखाताईंना शिकवून पाहिलं. त्या म्हणाल्या, सिरिंज नको, मी देवाला देते तशी पळीनं देईन. नोहाला कळवलं तर त्याचा उलट निरोप आला की आई, आपोआप पाजणारं यंत्र मिळतं, डोसिंग पंप, चांगला विश्वासाचा बघून घे. विश्वासाचा कोणता ते लिहायच्या आत जहाज लांब गेलं.

नाशिकच्या माशांच्या दुकानातल्या पार्थला फोन केला. मुलगा गोड बोलतो, पण एका वाक्यात चार प्रश्न. दोन तोंडांचं की चार? मोबाईलवर चालणारं की बटणाचं? साधी मोटर की मोजून पावलं टाकणारी? आत चाकं असतात, ती रबरी नळी दाबत दाबत औषध पुढं ढकलतात, असं त्यानं सांगितलं तेवढं समजलं. बाकीचं मी दोन पानं उतरवून घेतलं आणि एक अक्षर कळलं नाही. मी विचारलं की दोन्ही औषधं एकाच बाटलीत मिसळली तर एक तोंडाचं यंत्र पुरेल का, स्वस्त पडेल. त्यावर तो म्हणाला की काकू, आधी कुणा जाणत्याला विचारा.

तुम्ही एकतीस वर्षं तिसगावच्या पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर कालवलीत. औषध मोजून पाण्यात सोडणारं माणूस आपल्यात तुम्हीच. काय बघून घेऊ? वहिनींना सलाम. माया आहेच, ती सल्ल्यासकट पाठवावी.

आपली,
एलू

—

तिसगाव
शनिवार, ९ ऑगस्ट

चि. एलूस,
यशयाचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो, पण पाऊस येणार ते आधी सांगतो म्हणून ठेवून घेतलाय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो. मी अख्ख्या गावाला एका तांबड्या बादलीनं पाजलं आणि तू चार माशांसाठी नाशिकपर्यंत गेलीस. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा आराधनाचं नीट दिसलं आणि हसू गेलं. तर ऐक.

चुना आणि सोडा एका बाटलीत मिसळलास तर ते पोवळ्यांना पाजू नकोस, भिंतीला लाव. दोन औषधं, दोन बाटल्या, दोन तोंडं. चार तोंडांचं घेऊ नकोस, दोन रिकामी राहतील आणि तू त्यांच्याकडे बघून रोज हळहळशील.

आमच्या पंचायतीनं एकदा टाकीवर विजेचा डोसर बसवला होता, नव्या नवरीसारखा हार घालून. पहिल्याच आठवड्यात त्याचं डोकं गेलं. लाईट येऊन-जाऊन असायची, आणि लाईट आली की त्याला वाटायचं, झाली सकाळ. दिवसात चार सकाळी. गावभर चहाला पावडरीचा वास. बिभीषण हाटेलवाला टाकीवर चढून आला आणि म्हणाला की यशयाभाऊ, आमी चा पितो का कापडं धुतो ते एकदाचं सांगा. म्हणून पहिलं हे विचार, की लाईट गेली तर यंत्राला वेळ ध्यानात राहते का. मोबाईलवर चालणारं नको. रेंज गेली की ते कुणाचंच नाही. ती रबरी नळी आचळासारखी पिळली जाणार म्हणजे झिजणारच, तर नळी सुटी मिळते का ते बघ. आणि यंत्र घेतलं की पेटीला जोडायच्या आधी मोजमापाच्या नळकांड्यात त्याची धार धर. वीस म्हणतं तर वीस देतं का?

एक आणखी. बंद पडणारं यंत्र परवडतं, न थांबणारं परवडत नाही. बाटलीत औषध थोडंच ठेव, म्हणजे ते वेडं झालं तरी ओतून ओतून किती ओतेल?

वहिनी विचारते की पोवळी अंगठीत घालायची असतात ना, मग पाजायची कशाला. मी म्हटलं, एलूला विचार. आराधनाला माझे आशीर्वाद कळव, आणि आमच्यावर रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
यशयादादा

—

संगमनेर
सोमवार, २५ ऑगस्ट

ति. दादांस,
एलूचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुमचे सगळे प्रश्न पार्थला विचारले. त्यानं आधी विचारलं की काकू, तुम्ही इंजिनीअर आहात का. मी म्हटलं, मॅट्रिक आहे, पण माझा भाऊ टाकीवर होता.

दोन तोंडांचं, बटणांचं यंत्र घेतलं. लाईट गेली तरी आतल्या छोट्या सेलवर वेळ राखतं. मी मुद्दाम मेन स्विच तीनदा पाडून पाहिला. फ्रिज कुरकुरला, यंत्र हललं नाही. नळकांड्यात सात वेळा धार धरली. सातही वेळा वीस. बारीकसा आवाज करतं, चरक फिरल्यासारखा. मला ते बघून इतका आनंद झाला की गुरुवारी, चौदा तारखेला, देवाचे आभार मानून पेटीला जोडलं. सिरिंज धुऊन, पुसून खिळ्याला टांगून ठेवली.

आणि आता ऐका. सोमवारी अठरा तारखेला पाणी तपासलं, तर नऊ. वाटलं, माझाच थेंब चुकला. पुन्हा तपासलं, नऊच. आज तपासलं तर दहा! पोवळ्यांची तोंडं मिटलेली आहेत, एकाच्या शेंड्याला पांढरं दिसतंय. लगेच यंत्राची नळी काढून धार धरली. वीस. पुन्हा धरली. वीस. माझ्यासमोर वीस देतं आणि पाण्यात मात्र वाढवून ठेवतं, हे कसं? पार्थला विचारलं तर तो म्हणाला, काकू, वीस येतंय ना, मग यंत्र बरोबर आहे, तुमचं तपासायचं औषध शिळं झालं असेल. नवीन मागवलं. नव्यानंही दहा.

थेंबात जो इमानी नाही त्याच्यावर घर कसं सोडायचं? माझ्यासमोर साळसूद आणि पाठीमागं हात सैल, असं एक माणूस आपल्या नात्यातही होतं, नाव लिहीत नाही. यंत्र परत पाठवते आहे. पार्थ दुसऱ्या बनावटीचं देतो म्हणालाय, पावलं मोजणाऱ्या मोटरचं. दोन दिवस औषध बंद ठेवून आकडा खाली आणीन, आणि नवं येईतो पुन्हा माझा हात.

आराधनाला एक तारखेला येते म्हणाले होते. आता आठवडा पुढं गेलं. कळवायला धीर होत नाही. तुम्ही तिला दोन ओळी लिहिल्यात तर बरं होईल. वहिनींना सलाम सांगून मनात जागा ठेवावी.

आपली,
एलू

—

शेंडी
शनिवार, ३० ऑगस्ट

ति. पोवळ्यांच्या आईस,
आराधनाचा सा. सलाम, वि. वि.

इकडे पावसानं टॉवर बंद आहे म्हणून केविनच्या हाती पत्र अकोल्याला टाकते आहे. यशयामामाचं पत्र आलं. त्यांनी लिहिलंय की तुझी आई येणार आहे, तिचं यंत्र तेवढं बिघडलंय. आई, तुझं काय बिघडलंय?

रागावले नाही. पण एक सांगते. मागच्या वर्षी तो दिवस आला तेव्हाही तू उद्या येते म्हणाली होतीस, कारण नोहाची निघायची बॅग भरायची होती. मी तेव्हा काही बोलले नाही. आताही बोलत नाही, लिहिते आहे. मला दिवसभर छताकडे बघत पडायचं असतं. छताला एक डाग आहे तो आता मला पाठ झाला आहे. रोज वाटतं, आज आई येईल.

केविनला भात जमायला लागला. आता वरण करपतं.

तुझ्या पोवळ्यांना माझा सलाम सांग. त्यांच्यानंतर उरेल तेवढी माया इकडे धाड.

तुझीच,
आराधना

—

संगमनेर
सोमवार, ८ सप्टेंबर

ति. दादांस,
एलूचा सप्रेम सलाम, वि. वि.

आराधनाचं पत्र सोबत ठेवलं आहे. वाचून परत पाठवा. मी ते पाटीमागं ठेवणार आहे.

दुसरं यंत्र आलं. पहिल्यापेक्षा महाग, पण चाल देखणी. मोजून पावलं टाकतं, थांबतं, मागची शिल्लक नळीत ओढून घेतं, थेंब सांडत नाही. धार धरली, वीस. एक तारखेला, सोमवारी, आकडा आठ असताना जोडलं. मनात म्हटलं, आठवडाभरानं आठ आला की मंगळवारी सकाळची गाडी.

आज तपासलं. नऊ.

दादा, ऐका. दोन दुकानांतली नाही, दोन कारखान्यांतली यंत्रं. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर वीस देतात, दोघंही आठवड्याला एक आकडा वाढवतात. अगदी एकच, कमी नाही जास्त नाही. सहा महिने माझ्या हातानं आठाचा नऊ झाला नाही आणि यंत्र आलं की होतो. सुरेखाताई म्हणतात, पेटीला कुणाची तरी नजर लागली. असल्या गोष्टी आपण मानत नाही, पण मी ऐकून घेतलं, इतकी मी थकले आहे. पार्थ फोन उचलतो तेव्हा आधी मोठा श्वास घेतो, तो मला ऐकू येतो.

एक वाटतं, यंत्र एकदाचं फेकून द्यावं आणि इथंच राहून हातानं पाजावं. एक वाटतं, पेटी देवाच्या हवाली करून शेंडीला जावं. पहिलं केलं तर आराधनाला तोंड दाखवता येणार नाही, दुसरं केलं तर नोहाला. दोन्ही माझीच लेकरं. कुणाच्या ताटात कमी वाढू? प्रार्थनेला बसते तर डोळ्यांसमोर निळ्याचं पिवळं होताना दिसतं.

काही सुचत असेल तर उलट टपाली कळवा. मन कुठंच ठरत नाही, तेवढं तुमच्यापाशी ठरतं.

आपली,
एलू

—

तिसगाव
गुरुवार, ११ सप्टेंबर

चि. एलूस,
यशयाचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

पोरीचं पत्र परत पाठवतो आहे. वहिनीनं वाचलं आणि मला विचारलं की तुमची बहीण माणसांची आहे का माशांची. मी तुझी बाजू घेतली, पण लई जोर नव्हता.

आता कामाचं. दोन गडी वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना न पाहिलेले, आणि दोघांची चोरी एकाच मापाची. असं असलं की मी गड्यांकडे बघत नाही, घराकडे बघतो. यंत्र बदललं, तपासायचं औषध बदललं. न बदललेली एकच गोष्ट तुझ्या घरात आहे.

तू लिहितेस की रविवार सोडून रोज नोंद करतेस. मला वहीची पानं नकोत. तू एवढंच कर, की शनिवारी दुपारपासून दिवे लागेपर्यंत तू काय काय करतेस ते वरपासून खालपर्यंत लिहून काढ. आईनं आपल्याला लावलेली शनिवारची शिस्त तू अजून पाळतेस हे मला ठाऊक आहे. काही गाळू नकोस, क्षुल्लक म्हणून तर मुळीच गाळू नकोस.

ते पत्र मला टाकायच्या आधी स्वतः एकदा वाच. आशीर्वाद आहेतच, डोकं थंड ठेव.

तुझा,
यशयादादा

—

संगमनेर
रविवार, १४ सप्टेंबर

ति. दादांस,
एलूचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र काल दुपारी आलं. उपासनेहून आले, जेवले, आता लिहायला बसले आहे. पत्र लिहिणं आई काम धरत नव्हती.

तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिते, पण यात काय आहे मला कळत नाही. शनिवारी जेवण झालं की रविवारचे तांदूळ निवडते. डाळ भिजत घालते. पांढरं पातळ आणि झंपर इस्त्री करते. दोन्ही पिंप भरून ठेवते. अंगण झाडते, म्हणजे रविवारी झाडू हातात धरायला नको. भाकरीचं पीठ चाळून परातीत झाकून ठेवते. गीतांचं पुस्तक आणि चष्मा पिशवीत घालते. अर्पणाचं पाकीट भरते. चपला पुसते. दिवे लागायच्या आधी खिळ्यावरची सिरिंज काढते आणि पोवळ्यांचं रविवारचं माप

दादा, इथं पेन थांबलं.

पंधरा मिनिटं झाली, बसून आहे. सहा महिने मी रविवारचं वीस-वीस शनिवारी संध्याकाळीच टाकत आले. रविवारी टाकत नव्हते म्हणून सोमवारी आकडा आठावर यायचा. ते मला पाजणं वाटतच नव्हतं, ती तयारी होती, डाळ भिजवल्यासारखी. म्हणून वहीतही लिहिलं नाही. यंत्र आलं, ते आपलं रविवारी पाजू लागलं, आणि माझा हात शनिवारी पाजतच राहिला. कालसुद्धा टाकलं! तुमचं पत्र पदरात ठेवून टाकलं! त्या गरीब यंत्राला मी चोर म्हटलं, परत पाठवलं, पार्थला नाही नाही ते बोलले. आधी त्याची माफी मागितली पाहिजे.

उद्या-परवा यंत्र बंद ठेवून जास्तीचं खपवून टाकते. बुधवारी पुन्हा सुरू.

पण आता दुसरंच कोडं पडलं आहे. यंत्रावर वारांची बटणं आहेत. रविवार बंद ठेवता येतो. बंद ठेवून शनिवारी दुप्पट लावू का? दहा आज्ञांत लेक-लेकी, गडी-बाई, बैल-गाढव, सगळ्यांना विसावा सांगितला आहे. यंत्र यातल्या कशात धरायचं? मी उपासनेला बसणार आणि घरात माझ्या नावानं चरक फिरत राहणार, हे मनाला पटत नाही. पाळकांना विचारणार होते, पण आधी त्यांना पोवळी काय ते सांगावं लागेल.

तुम्ही काय म्हणाल तसं करीन. आणि या सोमवारी आकडा चुकलेलाच येणार, म्हणून पुढच्या सोमवारी, बावीस तारखेला, आठ येतो का पाहून मगच निघते. दादा, तुम्हाला हे आधीच कसं कळलं? कळवावं, आणि वेड्या बहिणीला पदरात घ्यावं.

आपली,
एलू

—

तिसगाव
बुधवार, १७ सप्टेंबर

चि. एलूस,
यशयाचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

मला कसं कळलं ते सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी टाकीवर नवा होतो. आईला माझं रविवारी बादली घेऊन जाणं खपत नव्हतं. उपासनेच्या घंटेला मी टाकीवर, आणि रविवारभर आई माझ्याशी बोलायची नाही. मग मी एक शक्कल काढली. शनिवारी संध्याकाळी दुप्पट पावडर टाकली आणि रविवारी पांढरा सदरा घालून तिच्याशेजारी बसलो. आई इतकी खूश झाली की तिनं मला स्वतःच्या पुस्तकातनं गायला लावलं. शनिवारी गाव नाक मुरडत प्यालं, रविवारी टाकी दोनदा भरली ती नुसत्या पाण्यानं. सोमवारी शाळेतली सात पोरं जुलाबानं घरी. त्यातलं एक आपल्या पुंजारामकाकाचं.

मी आईला काही बोललो नाही. तिला कुणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. पुढच्या रविवारी घंटा झाली तेव्हा आई दारात उभी होती, पांढरं पातळ नेसून, आणि हातात माझी तांबडी बादली. म्हणाली की तहानेला रविवार नसतो रे यशया, जा, टाकून ये, मी जागा धरते. त्यानंतर एकतीस वर्षं तिनं माझी जागा धरली. तू तोवर लग्न होऊन संगमनेरला गेली होतीस, म्हणून तुला शनिवारची शिस्त मिळाली, हा रविवार मिळाला नाही.

तेव्हा यंत्राचं रविवारचं बटण चालू राहू दे.

आणि आता मोठ्या भावाचं ऐक. सोमवारच्या आठाची वाट बघू नकोस. यंत्र निवडून झालं. तुझं अजून निवडायचं चाललंय ते यंत्र नाही. नऊ महिने पोरीनं वाट बघितली, तू एका थेंबासाठी थांबतेस? सिरिंज कुलपात ठेव, बाटल्या निम्म्या भर, किल्ली सुरेखाताईंकडे दे आणि नीघ. सोमवारी मी संगमनेरला येतो. थेंब डोळ्यांनी मोजायचे असतात, कानांनी नाही. तेवढं मला जमेल.

वहिनीनं मेथीचे लाडू बांधायला घेतलेत, ते मी मागून आणतो. हे पत्र मिळताच पिशवी भर. भरवसा ठेव, बाकीचं देव बघून घेईल.

तुझा,
यशयादादा

—

अकोले
सोमवार, २२ सप्टेंबर

ति. दादांस,
एलूचा सप्रेम सलाम, वि. वि.

माझ्याच घराच्या पत्त्यावर मी पत्र लिहिते आहे याची गंमत वाटते. पाहुणे तुम्ही आणि घरधनीणही तुम्हीच.

तुमचं पत्र शनिवारी सकाळी मिळालं. अकराच्या गाडीत बसले. तांदूळ निवडले नाहीत, इस्त्री केली नाही, पिंप तसंच. दार ओढून घेताना हात आपोआप खिळ्याकडे गेला, त्याला मीच दुसऱ्या हातानं चापट मारली. सुरेखाताई बघत होत्या.

शेंडीला पोचले तेव्हा आराधना कुशीवर झोपली होती. मला बघून तिनं छताचा डाग बोटानं दाखवला. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि तो डाग बघितला. अगदी पोवळ्यासारखा आहे, दादा. तसं म्हणाले, तर हसता हसता रडली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहाट सरता सरता तिला कळा लागल्या. तारखेच्या दहा-बारा दिवस आधी. केविननं गाडी आणली, अकोल्याच्या दवाखान्यात पोचलो. घाटात तिनं माझं मनगट धरलं होतं ते अजून निळं आहे. घंटेच्या वेळेला, म्हणजे संगमनेरात आपल्या मंडळीनं पहिलं गीत सुरू केलं असेल तेव्हा, मुलगी झाली. दोन किलो आठशे. दोघी सुखरूप आहेत. देवाची स्तुती असो.

मी काल रविवारी दुपटी धुतली, स्टोव्ह पेटवला, पाणी तापवलं, शिरा केला, फरशी पुसली, दोनदा बाजारात गेले. आयुष्यात एवढं काम मी रविवारी केलं नव्हतं. संध्याकाळी ध्यानात आलं की एकदाही मनाला टोचलं नाही. सोमवारचा आकडा बघून उद्या निघाले असते तर? ते लिहवत नाही.

नाव प्रार्थना ठेवायचं म्हणतात.

बाटल्यांत आठवडाभराचं औषध आहे. आकडा काय आला ते कळवा. चुकीचा आला तरी कळवा, मी इथून हलणार नाही. माझ्या घरातल्या माझ्या माणसाला सलाम.

आपली,
एलू

—

संगमनेर
गुरुवार, २५ सप्टेंबर

चि. एलूस,
यशयाचे पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. वाचून पहिल्यांदा चष्मा पुसला, मग सुरेखाताईंना मोठ्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या की मला ऐकू येतं, जरा हळू. साखर घेऊन आल्या आणि पेटीसमोर ठेवून गेल्या. मी माशांना दिली नाही, खाल्ली.

आपल्या घराण्यात रविवारी कामाला लागलेली पहिली बाई तू नाहीस. पहिली आराधना. तिनं तुझ्या आधी सुरुवात केली. तिला सांग, आजीनं तिची जागा धरली असती.

मी सोमवारी दुपारी पोचलो. यंत्र चालू होतं. ते चरक फिरल्यासारखं वाजतं म्हणालीस, मला काही ऐकू आलं नाही, म्हणून नळीला बोट लावून बघितलं. नाडीसारखी चालते. पोवळी सगळी उघडी होती, पाण्यात डुलत होती. वहिनीला सांगतो आता, की अंगठीत घालायची नसतात.

मग खिडकीपाशी बसून तुझी कुपी धुतली, पाणी घेतलं, थेंब मोजले. चूक नको म्हणून दोनदा मोजले. दोन्ही वेळा आठ.

लाडू घेऊन शनिवारी शेंडीला येतो. वही काढली होती. सोमवारच्या ओळीत आकडा लिहिला. वरची रविवारची ओळ नेहमीसारखी कोरीच होती, ती मला बघवेना. तुला न विचारता भरली. लिहिलंय, रविवार, २१ सप्टेंबर: यंत्रानं वीस-वीस दिले. मुलगी झाली.

आता यापुढं रविवारची ओळ रिकामी सोडू नकोस. बाळाला माझा सलाम, आणि तिच्या आजीवर आमचा लोभ होता तसाच, थेंबभर वाढलेला.

तुझा,
यशयादादा